देवीला नाही म्हणायचं नसतं

"चाळीस हमाल मी शिट्टीवर उठवतंय नि शिट्टीवर बसवतंय," बैलगाडीच्या दांडीवर हात टेकून परशुराम म्हणाला, "ही दोन पोरां म्हणजे काय? तू जा निवांत. परत येशीत तेव्हा दोघां हात जोडून परवचो म्हणताना दिसतली." गाडीत त्याची बायको सुभद्रा गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. तिला सहावा महिना होता, लहानपणी कांजिण्या आलेल्या नव्हत्या, आणि पोरांच्या अंगावर फोड दिसताच सुईणीने तिला घर सोडायला सांगितलं होतं. म्हणून ती पिंगुळीला, माहेरी निघाली होती. नवरा मुंबईहून शिमग्याला घरी येऊन जेमतेम दोन रात्री झाल्या होत्या. "आयकतास मां?" ती म्हणाली. "घरात देवी आसा. फोडणी घालू नकात. दाढी करू नकात. चपला भायर. आणि पोरांका नाय म्हणू नकात. आता ती मागतत ता पोरां मागणत नाय, देवी मागता." परशुरामाने मान डोलावली, गाडी माडांच्या आड गेली, आणि त्याने खिशातून गोदीतली पितळी शिट्टी काढून पोरांना आत बोलावण्यासाठी जोरात फुंकली. कुंपणापलीकडून तुळसाकाकी ओरडली, "अरे परश्या! देवीच्या घरात शिटी फुकतंस? मुंबैत ऱ्हवान खुळावलस काय?" तो वळतो तर चार वर्षांचा लवू, नाकावर दोन आणि हनुवटीवर एक टपोरा फोड घेऊन, त्याच्यासमोर हात पसरून उभा. "माका ती होयी." परशुरामाने तोंड उघडलं. दारातून सात वर्षांची विमल शांतपणे म्हणाली, "देवीक नाय म्हणूचा नसता." शिट्टी गेली. गाडीच्या चाकांचा आवाज अजून ऐकू येत होता.

रजा काढायची त्याच्या मनातही नव्हती. झालं होतं ते एवढंच, की गोदीत एकदा जेवणाच्या सुट्टीत गुजराथी गुमास्त्याने सहज विचारलं, तुझा मुलगा केवढा आहे रे? परशुरामाने डब्यातला हात काढून हवेत धरला, एवढा म्हणायला. हात गुडघ्यापाशी थांबला, मग जरा वर गेला, मग मांडीपाशी आला, परत खाली गेला. कुठे थांबवायचा तेच त्याला कळेना. गुमास्ता हसला नाही, हेच वाईट झालं. हसला असता तर परशुरामही हसला असता. त्या दिवशी संध्याकाळी खोलीवर तो कुणाशी बोलला नाही. खोली म्हणजे गावकऱ्यांची खोली, डोंगरीत, सगळी एका गावची माणसं, भिंतीला प्रत्येकाचा एकेक खिळा, पाळीपाळीने झोपणं. एवढ्या माणसांत तुम्ही बोलला नाहीत तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. खिळ्यावर सदरा टांगताना आपला हात कुठे थांबतोय ते त्याने बघितलं आणि त्याला वाटलं, एवढा तर नसेल. मग त्याने ठरवलं, शिमग्याला जायचं. आणि मनाशी एक गोष्ट बांधली, ती सुभद्रेलाही सांगितली नाही: रजा संपायच्या आत पोरांनी आपल्याला एकदा बाबा म्हणायचं. सांगून नव्हे. आपणहून.

कारण पोरं त्याला काही म्हणतच नव्हती. विमल तर या बाबतीत पक्की होती. तिचं प्रत्येक वाक्य मधूनच सुरू व्हायचं. "वायच पाणी होया." "पाठ खाजता." "थंय बसला तर सावली येता." त्यात कुणाला उद्देशून बोलली ते शोधून सापडायचं नाही. एवढ्याशा पोरीने हे शिकायला किती मेहनत घेतली असेल, असं त्याला वाटायचं आणि कौतुकही वाटायचं. लवू मात्र उघडाउघडा होता. माजघराच्या भिंतीवर दोन फोटो होते, एक परशुरामाच्या मेलेल्या बापाचा आणि एक स्वतः परशुरामाचा, मालवणात लग्नाआधी काढलेला, कोट घातलेला, मिशीवाला. सुभद्रेने दोन्ही फोटोंना सारखेच चंदनाच्या ढलप्यांचे हार घातले होते. एकाला घालून दुसऱ्याला नाही घातला तर बरं दिसत नाही म्हणून. रोज दिवेलागणीला पोरं दोन्ही फोटोंना हात जोडायची. पहिल्याच संध्याकाळी लवूने फोटोपुढे हात जोडले तेव्हा परशुराम त्याच्या शेजारीच उभा होता. "ह्यो कोण रे?" त्याने विचारलं. "बाबा." "मग मी कोण?" लवूने खूप विचार केला. "तू मुंबैसून इलंस," तो म्हणाला. "फोटोतल्या बाबाक मिशी आसा," विमलने पुरवणी जोडली. गोदीतल्या उकाड्यात मिशी काढून टाकून वर्षं झाली होती. देवीच्या घरात वस्तरा चालत नाही, तेव्हा मिशी आता आपोआप वाढणार होती, या विचाराने परशुरामाला थोडं बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून लवू रोज सकाळी त्याच्या छातीवर चढून वरचा ओठ बोटाने घासून बघायचा आणि मान हलवायचा. अजून नाय.

खरी अडचण खाजेची होती. हात रिकामा राहिला की पोरं खाजवणार, खाजवलं की फोड फुटणार, फुटला की वण राहणार, आणि चेहऱ्यावर वण राहिलेली मुलगी म्हणजे काय ते परशुरामाला तुळसाकाकी कुंपणावरून दिवसातून दोनदा सांगत होती. तेव्हा सकाळी डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत चार हात कशात ना कशात गुंतवून ठेवणं, ही नोकरी. गोदीत हमाल थकतात. देवी थकत नाही. पहिल्या दिवशी देवीला घोडा पाहिजे होता. परशुराम पडवीतून माजघर, माजघरातून पडवी असा गुडघ्यांवर फिरला आणि संध्याकाळी त्याला पाय पसरून बसता येईना. मग देवीला बोट पाहिजे झाली. झोपाळा आडवा टाकून बोट केली, दोरीला कळशी बांधून नांगर केला, आणि लवू कप्तान होऊन शिट्टी वाजवायला लागला. बोट मुंबईला पोचली की परशुरामाने उतरायचं आणि लवू-विमलने बोट वळवून परत घरी यायचं, असा खेळ होता. दरवेळी पोरं त्याला मुंबईतच सोडून यायची. "माका पण घराक ने मां," तो एकदा म्हणाला. "तुका खंयसून नेवचा? तू थंयचोच," कप्तान म्हणाला. मग देवीला कोंबडा पाहिजे होता, बोटीचा भोंगा म्हणून. तुळसाकाकीचा कोंबडा कुंपणावरून आला होता, त्याला धरताना परशुराम न्हाणीच्या चुलीत कोपरापर्यंत गेला. कोंबडा ओरडला नाही. परशुराम ओरडला. देवी खूश झाली.

बाहेर शिमगा होता. होळीच्या मांडावरून ढोल ऐकू यायचा, समुद्राच्या वरताण. घराघरांतून सोंगं फिरत होती, रोंबाट, म्हणजे सोंगांची मिरवणूक, वाजत गाजत वाटेने यायचं, आणि परशुरामाच्या दारावरचा कडुनिंबाचा डहाळा दिसला की ढोल गप्प. तेवढं कुंपण संपेपर्यंत माणसं पायांचा आवाज न करता जायची, आणि पुढच्या घरापाशी परत धडाधड सुरू. परशुरामाला तो मधला गप्प तुकडा ढोलापेक्षा मोठा वाटायचा. त्यात त्याला स्वतःचा श्वास ऐकू यायचा, पोरांची चुळबुळ ऐकू यायची. आत कुणी यायचं नाही, आतलं कुणी बाहेर जायचं नाही. भाजी, नारळ, मासे सोडून सगळं तुळसाकाकी कुंपणाच्या दगडावर ठेवून मागे सरायची, जसं कुत्र्याला ठेवतात तसं, पण मायेने. फोडणी नसलेली पेज आणि उकडलेलं सुरण खाऊन जिभेला काही कामच उरलं नव्हतं, तेव्हा ती बोलायला लागली. परशुरामाच्या हळूहळू लक्षात आलं की आपण दुपारी माडांशी बोलतो. नुसतं बोलत नाही, त्यांना हुकूम सोडतो: तू हो बाजूला, तू वाक, उचल. एका दुपारी समोरचा माड खरंच वाकला, वाऱ्याने, आणि परशुरामाला एवढं समाधान झालं की तो घाबरला. मुंबईच्या खोलीत एकटेपणा असा उघडा पडत नाही. तिथे तो एवढ्या घामात, घोरण्यात, खिळ्यांवरच्या सदऱ्यांत वाटला जातो की आपल्या वाट्याला किती आला ते कळत नाही. इथे सगळाच्या सगळा त्याच्या एकट्याचा होता, आणि दोन जिवंत माणसं समोर बसून त्याच्याकडे बघत होती, आता हा काय करतो म्हणून.

ढोल ऐकून शेवटी व्हायचं तेच झालं. विमल म्हणाली, "सगळ्यांच्या घराक सोंगां येतत." लवू म्हणाला, "माका पण सोंगां होयी." हट्ट नाही, रडणं नाही. देवीला रडावं लागत नाही. मग परशुरामाने गोणपाट पांघरून वाघ केला. वाघाला खाज सुटली, त्यात दोघं हसली. अंगावर सदरा उलटा घालून सायब केला, गोदीतला. सायब इंग्रजीत शिव्या देत होता त्या परशुरामाला पाठ होत्या. मग विमल म्हणाली, "राधा रवली." शिमग्यात पुरुष लुगडं नेसून राधा होतो आणि दारोदार नाचतो, ते पोरांनी दर साल बघितलेलं. परशुरामाने सुभद्रेची ट्रंक उघडली, हिरवं लुगडं काढलं आणि पडवीत येऊन नेसायला लागला. आणि मध्येच थांबला. लुगड्याला वास होता. चुलीच्या धुराचा, खोबरेलाचा, आणि आणखी कसला तरी, जो नुसता तिचा असणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकूण घरी राहिलो ते महिने जमवले तर किती होतील हे मोजायची त्याची छाती झाली नाही. गुळाच्या ढेपेचा वास त्याला अंधारात ओळखता यायचा, सुक्या खजुराचा, काथ्याचा, ओल्या तागाचा. कुठलं गोदाम ते डोळे मिटून सांगायचा. आणि हा वास त्याला पाहुण्यासारखा लागत होता. का आपणच पाहुणे. पदर हातात धरून तो तसाच जमिनीवर बसला, नाचलाबिचला नाही. पोरं थोडा वेळ वाट बघत राहिली. मग लवू आला, पदराला नाक लावलं, हुंगलं, आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला. मांडी लुगड्यातली होती. विमल दोन हात अंतरावर बसली होती, ती दर जरा वेळाने एकेक वीत सरकत आली आणि शेवटी तिचा खांदा त्याच्या दंडाला लागला. कुणीही खाजवत नव्हतं. परशुरामाच्या पायाला मुंग्या आल्या, पाठ धरली, नाकावर माशी बसली, पण तो हलला नाही. आपल्याला कुणीतरी दुसरं समजून ही जवळ आलीत, हे त्याला कळत होतं. तरीपण तो हलला नाही.

दिवेलागण झाली तरी घरात दिवा दिसेना म्हणून तुळसाकाकी कुंपणाशी आली, आणि तिथून तिने पडवीत बघितलं. हिरवं लुगडं, विस्कटलेले केस, वाढलेली दाढी, मांडीवर पोर, डोळे अर्धे मिटलेले. शिमग्याचे दिवस होते, दुसऱ्या कुठल्याही घरी तिने सोंग म्हणून खदखदून हसून खोबऱ्याचा तुकडा टाकला असता. पण देवी बसलेल्या घरात सोंग कोण काढील? हे तिने पुढे गावभर सांगितलं आणि गावाला ते पटलं. ती वाळूत आडवी पडली. "आई! माझो शंकर मुंबैत जाऊन बसलोहा. घराक पाय नाय, निरोप नाय. येतलो काय गो?" लवू उठेल म्हणून परशुरामाने घाईने पंजा वर केला: गप. मग वाटेकडे हात हलवला: जा. "वाटेन येतलो!" काकी रडत म्हणाली आणि पळत सुटली. आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीने तिचा मुलगा शंकर आला. तो स्वतः सांगत होता, "खोलयेत रांधणारो कोण उरलो नाय, सगळे शिमग्याक इले, म्हणान मी पण इलंय." पण ते कोण ऐकतो.

त्या सकाळपासून कुंपणाला माणसं लागली. आत यायची सोय नव्हती, म्हणून वाळूत रांग करून बाहेरच बसली, हातात नारळ घेऊन. परशुराम लुगडं सोडून लेंगा घालून बाहेर आला तर बायांनी तोंडं फिरवली. नेसून आला तेव्हा सगळे आडवे पडले. "अरे मी परशुराम!" तो म्हणाला. "पोरांका रिझवूक सोंग घेतललंय!" रांगेत पुढे गावचा मानकरी दाजी बसला होता, जाड आवाजाचा, देवळात गाऱ्हाणं घालणारा. तो मागे वळून सगळ्यांना समजावत म्हणाला, "आई ज्या कुडीत येता तेचाच नाव घेता. देवीक म्हायती नसता ती खंय बसली ती." मग प्रश्न सुरू झाले. म्हैस गाभण राहील काय? मुलाला बोटीवर नोकरी लागेल काय? हद्दीवरचा माड कुणाचा? "माका काय म्हायत?" परशुराम ओरडला. "बरोबर!" दाजी म्हणाला. "हद्दीवरच्या माडाचा कोणाकच म्हायत नाय. दोघांनी नारळ वाटून खावा." दोन्हीकडचे भाऊ रडत एकमेकांच्या गळ्यात पडले. गोंधळ वाढला तेव्हा पडवीतून शिट्टी वाजली. विमलने ती लवूकडून घेतली होती. एक शिट्टी, रांग उठली. दोन शिट्ट्या, रांग बसली. पोरांना एवढा मोठा शिमगा जन्मात मिळाला नव्हता. खाज विसरून दोघं दिवसभर बाप्ये उठवत आणि बसवत राहिली. घरात परशुराम पहिल्यांदा एकटा उरला. बाहेर सगळा गाव त्याला आई म्हणत होता. परसात जाऊन त्याने तोंडावर पाणी मारलं, आणि पाण्यात आपलं तोंड बघून त्याला वाटलं, हा माणूस ओळखीचा आहे, पण नाव आठवत नाही. दुपारी रांग जेवायला गेली तेव्हा त्याने धीर करून विमलला विचारलं, "तू माका काय म्हणतलंस गो?" विमलने हिशेबी डोळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तिला बहुतेक वाईट वाटलं असावं. "सगळे म्हणतत ता म्हणाया?" तिने विचारलं. परशुराम म्हणाला, "नको."

मग खपल्या पडल्या. तुळसाकाकीने पोरांना कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं, दहीभाताची परडी वेशीवर नेऊन ठेवली, दारावरचा डहाळा काढला. देवी गेली. आणि देवीबरोबर कुंपणावरची माणसंही गेली, इतकी पटकन, की सवय झालेल्या परशुरामाला संध्याकाळी वाळूतले बसल्याचे खड्डे बघून उगाच वाटलं, आज कुणी आलं नाही. त्याने दाढी केली, मिशी ठेवली. लवूने बोटाने घासून बघितली, फोटोकडे बघितलं, परत मिशीकडे बघितलं. काहीतरी म्हणणार होता. तेवढ्यात बाहेर बैलगाडीचा आवाज आला आणि दोघं पोरं "आवशी! आवशी!" करत अशी धावली, की मिशीवर ठेवलेलं बोट हवेतच होतं आणि पोर गाडीपाशी. सुभद्रा उतरली. पोरांचे चेहरे तिने उजेडात धरून बघितले, वण नव्हता, एकही नाही. मग तिने नवऱ्याकडे बघितलं, वाटेत कानावर आलेलं आठवलं, आणि पदर तोंडाला लावून एवढी हसली की तिला गाडीच्या चाकाला धरावं लागलं. "तुमका गाव आई म्हणता?" "म्हणत होते," परशुराम म्हणाला. "आता नाय." ती हसायची थांबली. "पोरां खाजयलीत नाय एकदाय," ती म्हणाली. "माका जमला नसता." एवढं बोलून ती चुलीकडे गेली आणि इतक्या दिवसांनी घरात फोडणी चुरचुरली. त्या आवाजाने परशुरामाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने धुरावर ढकललं.

रजा संपली. मालवणच्या बंदरावर त्या दिवशी सगळेच होते. शिमगा करून परतणारे, कोण गिरणीत, कोण गोदीत, कोण सायबाच्या बंगल्यावर. प्रत्येकाजवळ ट्रंक, प्रत्येकाच्या मागे बायको, पोरं, आणि सुक्या माशांचं गाठोडं. बोट लांब खोल पाण्यात उभी होती; तिथवर पडावातून जायचं. सुभद्रा काठावर उभी राहिली, विमल तिला धरून, लवू विमलचा हात धरून. परशुराम पडावात चढला. जागा अपुरी होती, म्हणून त्याने ट्रंक कठड्यावर आडवी ठेवून एका हाताने धरली आणि बोटीकडे तोंड करून बसला. मागे बघितलं की सोडवत नाही, हे सगळे जाणारे एकमेकांना सांगतात. शेजारी शंकर होता, तो म्हणाला, "काय परशुरामा, परत कधी?" "गणपतीक," तो म्हणाला. "मिळाली रजा तर." वल्ह्यांनी पाणी कापलं. पोरांनी हात केला असेल, नसेल. घरी आता झोपाळा परत टांगलेला असेल. खेळातल्यासारखी आपल्याला मुंबईला सोडून पोरं बोट वळवून गेली असतील, असं त्याच्या मनात आलं आणि तो एकटाच हसला.

पडाव बंदरापासून थोडा लांब गेला तेव्हा काठावरून लवूने दोन्ही हात तोंडाशी धरून, खणखणीत, हाक मारली, "बाबा!"

पडावातले सगळे बाप्ये एकदम मागे वळले आणि काठाच्या बाजूला वाकले. शंकरसुद्धा वळला, त्याला तर अजून पोर नव्हतं. परशुराम तेवढा वळला नाही. कुणाला तरी हाक मारतायत, असं त्याला वाटलं. पडाव कलंडला आणि त्याची ट्रंक पाण्यात गेली.